ओतशाळांना ग्रॅफाइट पुरवायचंय? अमॉर्फस की बारीक फ्लेक

आपल्या विदर्भात मँगनीज आहे, कोळसा आहे, पण ग्रॅफाइट बाहेरूनच आणावं लागतं. भंडारा, तुमसर, हिंगणघाट अशा ठिकाणी बसून ओतशाळांना पावडर पुरवायची म्हटली की पहिला प्रश्न भांडवलाचा येतो. पैसे अमॉर्फसमध्ये, म्हणजे मातकट बारीक कणांच्या ग्रॅफाइटमध्ये अडकवायचे की बारीक फ्लेकमध्ये, म्हणजे चपट्या पापुद्र्यांच्या ग्रॅफाइटमध्ये? मी दोन्ही विकलंय, आजही दोन्ही गोदामात असतं. माझा कल पुढे दिसेलच, तरी तुमचं गिऱ्हाईक कोण आहे ते आधी पाहा.

हल्ली ग्रॅफाइटचं नाव काढलं की समोरचा बॅटरीचं विचारतो. तो धंदा आपला नाही. लिथियम बॅटरीला 99.95 टक्के कार्बनपर्यंत शुद्ध केलेला, गोल कणांचा माल लागतो आणि फ्लेक घासून गोल करतानाच निम्म्याहून जास्त माल बाजूला पडतो. त्याला कारखाना लागतो, गोदाम नव्हे. मात्र बॅटरीमुळे भावाचं जे झालं ते आपल्या कामाचं आहे. बॅटरीच्या आशेवर आफ्रिकेत नव्या खाणी निघाल्या. मोझांबिकमधली बालामा ही त्यातली मोठी, आणि तिचा बराचसा माल बारीकच. तेवढ्यात चीनमध्ये कृत्रिम ग्रॅफाइट इतकं स्वस्त झालं की 2023 मध्ये बॅटरीवाले तिकडे वळले आणि बारीक फ्लेकचा भाव बसला. 1 डिसेंबर 2023 पासून चीनने निर्यातीला परवाना लावला तेव्हा व्यापारी धास्तावले, पण 2012च्या सुरुवातीला मोठा फ्लेक टनाला अडीच हजार डॉलरच्या वर गेला होता, तशी उसळी काही आली नाही. पूर्वी अमॉर्फस आणि बारीक फ्लेक यांच्या भावात जी दरी होती, ती माझ्या खरेदीत तरी बरीच कमी झाली आहे. जुन्या हिशोबावर निवड करू नका असं मी म्हणतो ते त्यामुळे.

मोठ्या फ्लेकच्याही वाटेला जाऊ नका. वर्धा, चंद्रपूरकडे पोलादाचे आणि फेरोमँगनीजचे कारखाने आहेत, तिथे खप असेल असं वाटतं. पोलादाच्या भट्ट्यांना आतून लावायच्या मॅग्नेशिया-कार्बन विटांत साधारण 10 ते 20 टक्के ग्रॅफाइट असतं हे खरं. पण ते विटा घेतात, ग्रॅफाइट घेत नाहीत. ग्रॅफाइट घेतो तो विटा करणारा, आणि तो ट्रकच्या हिशोबात बोलतो. विजेच्या भट्टीतले ग्रॅफाइट इलेक्ट्रोड तर पेट्रोलियम कोकपासून बनतात, खाणीतल्या मालाशी त्यांचा संबंध नाही. उलट इलेक्ट्रोडचा चुरा आपला स्पर्धक आहे. बिडात कार्बन वाढवायला ओतशाळावाले तोच पसंत करतात, कारण त्यात गंधक कमी असतं. त्या कामाला खाणीचा माल विकायला जाऊ नये.

मग आपल्यासाठी उरतं काय? ओतलेल्या धातूला वाळू चिकटू नये म्हणून साच्याला लावायचं काळं, म्हणजे ब्लॅकिंग. थोडं वंगणाचं आणि ब्रेक लायनिंगचं. पितळवाल्यांना धातू वितळवायला ग्रॅफाइटच्या मुशी लागतात, पण त्या तयारच येतात.

ब्लॅकिंगसाठी अमॉर्फस चांगलं आहे, हे मनापासून सांगतो. कण बारीक असल्याने वाळूच्या छिद्रांत बसतं, पाण्यात लवकर खाली बसत नाही, आणि स्वस्त पडतं. फ्लेक उभ्या भिंतीवरून घसरतो, तो धरून ठेवायला बेंटोनाइट माती थोडी जास्त घालावी लागते. नवा मोल्डर, म्हणजे साचे करणारा, पहिल्यांदा फ्लेक वापरतो तेव्हा कुरकुरतोच.

तरीही माझं पारडं फ्लेककडे झुकलं, आणि त्याला कारण झाली राख.

अमॉर्फस मुळात कोळशाच्या थरावर उष्णता आणि दाब येऊन झालेलं असतं. कोळशातली माती त्याच्यासोबत येते. वणी-चंद्रपूरचा कोळसा जाळणाऱ्याला राख काय असते हे सांगायला नको. त्रास राखेच्या प्रमाणाचा कमी आणि तिच्या चंचलपणाचा जास्त. पोत्यावर कार्बनचा तोच आकडा, भाव तोच, पुरवठादारही तोच, आणि आत माल वेगळा. उन्हाळ्यात दिलेल्या पोत्यांवर ओतशाळावाला खूश असतो आणि पुढच्या खेपेला फोन येतो, “भाऊ, मागच्या पोत्यावानी नाही हा माल.” जाऊन पाहावं तर कास्टिंगच्या अंगाला वाळू चिकटलेली, ग्राइंडरवाला पोरगा एकेका नगाला दुप्पट वेळ घासतोय. त्याची मजुरी वाढली की आपलं बिल थांबतं. ज्याच्याकडून माल घेतला त्याला विचारलं तर तो मागच्याच महिन्याचं सर्टिफिकेट पुढे करतो.

म्हणून मी आता प्रत्येक लॉटची चिमूट जाळून पाहतो. वजन केलेला नमुना चिनीमातीच्या पसरट वाटीत घालून भट्टीत ठेवायचा, वारा लागू द्यायचा, पूर्ण जळेपर्यंत थांबायचं. फ्लेक सावकाश जळतो, कंटाळा येतो. पण शेवटी वाटीच्या तळाला फिकट राखेचा पातळ थर उरतो आणि पुढच्या लॉटलाही जवळपास तेवढाच. अमॉर्फसच्या वाटीत कधी राखाडी, कधी विटकरी, आणि दर वेळी वेगळा ढीग. प्रयोगशाळेचा अहवाल म्हणून हे कोणी मान्य करणार नाही, पण गिऱ्हाइकाशी बोलताना मला एवढं पुरतं.

पावसाळ्यात आणखी एक भर पडते. मातीचा अंश असल्याने अमॉर्फस ओल धरतं. जुलैत आलेलं पोतं काट्यावर बरोबर भरतं, पण त्यातलं काही वजन पाण्याचं असतं. फ्लेकमध्ये हा फरक मला फारसा जाणवला नाही.

भाड्याचंही बघा. किलोमागे भाडं दोन्हीला सारखंच. 50 किलोच्या पोत्यात 70 टक्के कार्बनचा माल असेल, तर 15 किलो राख आणि इतर गोष्टी आपण भाडं भरून आणतो. 90 टक्क्यांच्या पोत्यात त्या 5 किलो. भाव किलोला न काढता कार्बनच्या टक्क्याला काढा, भाडं धरून काढा, मग अमॉर्फस किती स्वस्त राहतं ते दिसेल. तितलागडकडचा ओडिशाचा माल रायपूरवरून राष्ट्रीय महामार्ग 53 ने सरळ भंडाऱ्याच्या दारावरून जातो. मुंबईकडच्या बंदरावर उतरलेल्या मालाला पूर्ण महाराष्ट्र ओलांडावा लागतो. पूर्व विदर्भात बसणाऱ्याने हा फायदा सोडू नये. अकोला, बुलढाण्याकडे हिशोब कदाचित वेगळा येईल.

तुमचं गिऱ्हाईक नुसती वजनं, झाकणं, चुलीच्या जाळ्या ओतत असेल, तर पृष्ठभागाची एवढी फिकीर त्याला नसते. त्याला अमॉर्फसच द्या, महाग माल माथी मारू नका. पण पंपाचे भाग, मोटरीच्या बॉडी, थ्रेशरचे सुटे भाग ओतणारे दोन-तीन जण जरी हाताशी असतील, तर मी बारीक फ्लेकपासून सुरुवात करीन. पूर्ण फ्लेक परवडत नसेल तर तिथल्या मोल्डरसोबत बसून दोन्ही मिसळून पाहा. बऱ्याच ओतशाळा तसंच चालवतात आणि भिंतीवरून घसरण्याची तक्रारही त्यात कमी होते.

पहिली खरेदी छोटी ठेवा. सर्टिफिकेट लॉट नंबरसह मागा आणि तोच नंबर पोत्यावर आहे का, ते माल उतरवतानाच बघा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुटी रचा, आणि प्रत्येक लॉटचा मूठभर नमुना डबीत तारीख घालून जपून ठेवा. तक्रार आली की नवा माल आणि डबीतला माल शेजारी शेजारी जाळून गिऱ्हाइकाला दाखवता येतो. माझी अडकलेली बिलं बहुतेक अशीच सुटली आहेत.