गेमरेज: विस्कॉन्सिनची हरीण-नोंदणी, आणि तिच्या आकड्यांत न मावणारी गर्दी

पाचपैकी चार तारे. नुसत्या नोंदणीला पाचही दिले असते.

गेमरेज ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याची, म्हणजे डीएनआरची, सेवा. हरीण मारलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत ते वेबसाइटवर किंवा फोनवर नोंदवायचं. भारतातल्या वाचकांना हे वेगळं वाटेल, कारण आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. इथे हरणं उदंड. मक्याचं नुकसान होतं, हायवेवर गाड्यांना धडकतात. त्यामुळे नोव्हेंबरातला नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम हाच त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा मुख्य उपाय. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, घर इथल्या मॅडिसन शहरात, आणि शिकार मी फक्त पब्लिक लँडवर, म्हणजे सर्वांना खुल्या सरकारी जमिनीवर, करते. स्वतःची जमीन नाही, जमीनदार मित्रही नाहीत. हा रिव्ह्यू माझ्यासारख्यांसाठी आहे.

नोंदणी खरंच सोपी आहे. परवान्यावरचा हार्वेस्ट ऑथरायझेशन नंबर आणि जन्मतारीख टाकायची. मग काउंटी (इथला जिल्हा) कोणती, जमीन सरकारी की खासगी, नर की मादी. शेवटी कन्फर्मेशन नंबर मिळतो. मी हातमोजा दातांनी ओढून काढते, रक्ताचं बोट जॅकेटला पुसते आणि हरणाशेजारी उकिडवी बसूनच हे उरकते. नंबर पेन्सिलीने कागदावर लिहून ठेवा, थंडीत मोबाइलची बॅटरी कधी मान टाकेल सांगता येत नाही. पुढे सीडब्ल्यूडीच्या तपासणीसाठी मुंडकं किऑस्कमध्ये, म्हणजे नमुने जमा करायच्या ठिकाणी, ठेवताना तो लागतो. सीडब्ल्यूडी हा हरणांच्या मेंदूचा रोग, राज्यात 2002 साली सापडला, आणि त्यावर औषध नाही. तपासणी फुकट आहे. मानेचा चार-पाच इंचांचा भाग मुंडक्यासोबत राहू द्या. रिपोर्ट येईपर्यंत आमच्या घरी त्या मटणाला कुणी हात लावत नाही.

2015 च्या आधी प्रत्येक हरीण गाडीत घालून नोंदणी केंद्रावर न्यावं लागे. ती केंद्रं म्हणजे पेट्रोल पंप, बार, किराणा दुकानं. जुने शिकारी त्या दिवसांची फार आठवण काढतात. मला ती ओढ समजते, पण दोन लहान मुलं घरी सोडून आलेल्या बाईला मोबाइलवरची दोन मिनिटं लाखमोलाची वाटतात.

आता आकड्यांकडे येते. हंगाम सुरू असतानाच काउंटीवार तक्ता जाहीर होतो: शिंगवाले इतके, बिनशिंगाचे इतके, एकूण इतके. सगळ्यांना पाहता येतो. जनतेच्या हरणांचा हिशोब जनतेपुढे मांडलाच पाहिजे, यावर माझं दुमत नाही. पण लोक तो वाचतात चुकीचा. वाउपाका आणि मॅरेथॉन या काउंट्या यादीत नेहमी वर असतात. ते पाहून माझा एक सहकारी दोन तास गाडी चालवून वाउपाकाला गेला. तिथली बहुतेक जमीन खासगी. उरलेल्या सरकारी तुकड्यांवर पहाटेच गाड्यांची रांग आणि झाडाझाडाआड शिकाऱ्यांची केशरी जॅकेटं. वरचा आकडा बव्हंशी शेतकऱ्यांच्या कुंपणाआतला होता. उत्तरेत बेफील्ड, अ‍ॅशलंडकडे मैलोन् मैल सरकारी जंगल आहे. तिथले आकडे लहान दिसतात, पण माणसाला माणूस खेटत नाही.

आणि गेमरेज मोजतं ते फक्त ज्यांना हरीण मिळालं त्यांना. बंदुकीचे परवाने साधारण साडेपाच लाख जातात. त्यातले निम्म्याहून जास्त लोक नऊ दिवसांत रिकाम्या हाताने परततात. जंगलावरचा ताण तर त्यांच्यामुळेही पडतो. मी लोअर विस्कॉन्सिन रिव्हरवेत बसते, प्रेअरी दू सॅकच्या धरणाखाली. पहिल्या शनिवारी उजाडताना चारी बाजूंनी बंदुकीचे बार ऐकू येतात, आणि नऊ वाजेपर्यंत हरणं विलोच्या दाट झुडपांत शिरून बसलेली असतात. मग दिवसभर काही हलत नाही. त्या झुडपात हरणं किती आणि बाहेर माणसं किती, यातलं काहीच तक्त्यातून कळत नाही. परवाना राज्यभर चालतो, त्यामुळे कोणत्या काउंटीत किती जण उतरले हे परवान्यांवरूनही काढता येत नाही.

तारखेचा फरकही लक्षात घ्या. हंगाम थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. 2018 ला तो 17 नोव्हेंबर होता, 2019 ला 23. तोवर माजाचा भर ओसरलेला, नर फिरेनासे झालेले, आणि 2019 चा आकडा धाडकन खाली आला. हरणं एका वर्षात तितकी घटली नव्हती.

माझी मागणी साधी आहे. जमीन सरकारी की खासगी हे आपण नोंदवतोच, मग पहिल्या दिवसापासून काउंटीपुढे ते दोन आकडे वेगळे ठळक दाखवा. दुसरं, डीएनआरचा डीअर हंटर वाइल्डलाइफ सर्व्हे आहे. त्यात किती तास बसलो, काय काय दिसलं हे रिकाम्या हाताने आलेलाही लिहू शकतो. तो ऐच्छिक आहे आणि पुष्कळांना माहीतही नाही. नोंदणीच्या पानावरच मोठं बटण द्या: 'आज काही मिळालं नाही? इथे लिहा.' मात्र नेमकी जागा, सरकारी तुकड्याचं नाव, जाहीर करू नका. काउंटीच्या पातळीवर थांबलेत तेच बरं. तुकड्याचं नाव छापलं की पुढच्या शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा उरणार नाही.

मादीचे परवाने किती द्यायचे यावर काउंटीच्या हरीण सल्लागार समित्या शिफारस करतात, आणि या आकड्यांवरच ती चर्चा होते. समितीकडे कुणालाही मत पाठवता येतं. मी वरचं सगळं इंग्रजीत लिहून माझ्या काउंटीच्या समितीला पाठवलंय. पब्लिक लँडवर बसणाऱ्यांनी तुमच्या काउंटीत पाठवा.