गॅरेजची शिवणखोली, आठ महिन्यांनंतर (नवऱ्याच्या सात आक्षेपांसकट)

गॅरेजमध्ये शिवणाची खोली केली त्याला आठ महिने झाले. नवीन होती तेव्हा फोटो काढून सगळ्यांना पाठवून झाले, कौतुकही झालं, तेव्हाच लिहिलं असतं तर सगळं छान छानच लिहिलं असतं. आता फोमच्या मॅट काढून फेकून झाल्यात, लाइट दोनदा बदललेत, एक मोटर बदललीये आणि नवरा अजूनही त्या खोलीला 'गॅरेज'च म्हणतो, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आधी नवऱ्याचं सांगते. त्याचा विरोध होता आणि तो भांडून नाही तर शांतपणे होता, जे जास्त अवघड असतं. "करूया की, बघू" हे वर्षभर चाललं. तोपर्यंत मशीन बेडरूमच्या कोपऱ्यात, कटिंग जेवणाच्या टेबलावर, जेवायची वेळ झाली की सगळं उचलून पलंगावर आणि झोपायची वेळ झाली की पलंगावरून खुर्चीवर. अर्धवट बेतलेलं कापड असं तीनदा हललं की खडूच्या खुणा जातात, पुढचा भाग कुठला नि मागचा कुठला ते परत शोधत बसायचं. एकदा त्याच्याच शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या गेल्या तेव्हा म्हटलं आता बास.

मी त्याला म्हटलं तुझे काय आक्षेप आहेत ते कागदावर लिहून दे. वैतागून म्हटलं होतं, पण त्याने खरंच लिहून दिले, नंबर घालून, सात. गाडी बाहेर राहील, जमिनीला उतार आहे, ओल येते, उन्हाळ्यात भट्टी होईल, रात्री आवाज येईल, टाचण्या टायरमध्ये जातील, माझं सामान कुठे ठेवू. तो कागद अजून माझ्या पेगबोर्डवर (अवजारं टांगायच्या भोकाभोकांच्या फळीवर) टाचलेला आहे. शेवटी तीन महिन्यांच्या ट्रायलवर मिटलं, आणि अट अशी की भिंत फोडायची नाही, शटर काढायचं नाही, उद्या गाडी परत आत घ्यायची म्हटली तर एका दिवसात घेता आली पाहिजे. तेव्हा ही अट मला जाचक वाटली होती. पण कायमची भिंत किंवा खिडकी घालायची म्हटलं की बांधकामाची परवानगी, घराचा विमा वगैरे सगळं आधी बघावं लागतं, ते टळलं हे कबूल करते.

मध्ये त्याने 'अर्ध्यात गाडी, अर्ध्यात मशीन' असाही तोडगा काढला होता. तो मी साफ नाकारला आणि तुम्हीही नाकारा. बंद जागेत गाडी चालू केली की धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही रंग नाही, आणि कापडाला तेलाचा-धुराचा वास लागतो तो वेगळाच. तिथे पेट्रोलचा एक कॅन आणि थिनरच्या बाटल्याही होत्या, त्या पहिल्या दिवशी बाहेर काढायला लावल्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली जमिनीलगत साठते, आणि मी तिथे दिवसभर गरम इस्त्री घेऊन उभी राहणार होते.

आता उतार. मी म्हटलं दिसत तरी नाहीये, कशाला काढतोस. गॅरेजची जमीन शटरकडे मुद्दाम उतरती करतात, पाणी बाहेर जावं म्हणून, आमच्याकडे मोजला तर मीटरमागे साधारण १ सेंटिमीटर निघाला. ऐकायला काहीच नाही, पण ६ फुटी टेबल उताराच्या दिशेने ठेवलं की एक टोक दुसऱ्यापेक्षा पावणेदोन सेंटिमीटर खाली. पहिल्या आठवड्यात लाल दोऱ्याची भरलेली बॉबिन (मशीनच्या खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) हातातून पडली आणि ती जी गडगडत निघाली ती शटरखालच्या फटीतून बाहेर, गाडीच्या खाली. मी मशीनपासून लाल दोरा हातात गुंडाळत गुंडाळत अंगणात पोचले तर हा समोर पाइप घेऊन गाडी धूत उभा. काही बोलला नाही. आक्षेप नंबर दोन.

घरगुती हलकं मशीन तर उतारावर चालतं, म्हणजे शब्दशः चालतं, थरथरत थरथरत इंच इंच सरकतं. उपाय साधाच, पाय फिरवून उंची कमीजास्त होते असे लेव्हलिंगचे पाय टेबलाला लावले, मशीनखाली रबरी पॅड, आणि टेबल उताराला आडवं ठेवलं. शटरखाली रबराची पट्टी लावली, बॉबिनसाठी नाही, धुळीसाठी. धूळ मात्र तरीही येते. कापड उघड्या शेल्फवर रंगाप्रमाणे लावून ठेवलेलं दिसायला कितीही सुंदर असलं तरी गॅरेजमध्ये ते करू नका, झाकणाचे डबे घ्या.

ओलीचं त्याला माहीत होतं कारण पुठ्ठ्याचे खोके तळातून मऊ पडायचे. तपासायची सोपी पद्धत आहे, दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिकचा तुकडा काँक्रीटवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवायचा आणि दिवसभर ठेवायचा. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट दिसलं तर खालून ओल येतेय. आमच्याकडे आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात आली, बाकी ठिकाणी नाही. त्यामुळे चिकटवायचं फ्लोअरिंग रद्द. मग मी हौसेने एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट आणल्या, पायाला मऊ लागतात म्हणून, आणि ही माझी सगळ्यात मोठी चूक. टेबलाचे पाय त्यात रुततात, खुर्ची सरकत नाही, आणि टाचणी पडली की कडक जमिनीवर आडवी पडते, फोममध्ये उभी रुतून बसते, टोक वर. दोनदा पायात गेली, दुसऱ्या वेळी चप्पल भेदून. आता कडक प्लॅस्टिकच्या टाइल आहेत, खाली बारीक पाय असलेल्या, त्यामुळे खालून हवा खेळते.

ओलीमुळे सुया गंजतात हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण इतक्या लवकर गंजतात हे माहीत नव्हतं. पांढऱ्या अस्तराला टाचण्या लावून ते चार दिवस तसंच ठेवलं आणि प्रत्येक टाचणीच्या जागी तपकिरी ठिपका. धुऊन जात नाही. तेव्हापासून सुया-टाचण्या घट्ट झाकणाच्या डबीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि काम अर्धवट राहिलं तर टाचण्या काढून कच्चा टाका घालून ठेवते.

लाइटबद्दल मात्र कुणी आक्षेप घेतला नव्हता, तिथे मी स्वतःच आपटले. गॅरेजला मधोमध एक दिवा असतो. त्याखाली बसलं की आपल्याच डोक्याची सावली सुईवर. आधी जास्त वॉटचा लावला, सावली आणखी काळी झाली. त्यातून तो पिवळा, त्यात मी नेव्ही ब्लू पँट काळ्या दोऱ्याने शिवली आणि दुसऱ्या दिवशी उजेडात बघून रडायची बाकी. आता टेबलाच्या दोन्ही अंगांना समांतर अशा दोन लांब एलईडी पट्ट्या, ४००० केल्व्हिनच्या (म्हणजे ना पिवळ्या ना निळसर), सीआरआय ९० च्या वरचा बघून घेतलेल्या (रंग किती खरे दिसतात त्याचा तो आकडा, खोक्यावर लिहिलेला असतो, नसेल लिहिला तर ती पट्टी घेऊ नका), आणि मशीनवर एक छोटा मान वळणारा दिवा. पैसे कमी असतील तर कपाट नंतर करा, लाइट आधी.

वायरिंगचंही तसंच. गॅरेजमध्ये एकच सॉकेट होतं, मी एक्स्टेन्शन लावून मशीन, लाइट, इस्त्री सगळं त्यावर. मशीनची मोटर शंभर वॉटच्या आसपास, पण माझी स्टीम इस्त्री २००० वॉटची. एक दिवस एक्स्टेन्शनची वायर हाताला चांगलीच गरम लागली, तेव्हा घाबरून इलेक्ट्रिशियनकडून इस्त्रीसाठी वेगळी लाइन ओढून घेतली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

कटिंग टेबलची उंची हा या सगळ्यातला खरा फायदा. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर असतं, त्यावर वाकून कापलं की तासाभरात कंबर धरते. माझं आता ९० सेंटिमीटर आहे, उभं राहून कोपर वाकवला की त्याच्या थोडं खाली येतं, तुमच्या उंचीप्रमाणे घ्या. रुंदी अशी की ५८-६० इंची पन्ह्याचं (रुंदीचं) कापड दुमडून आरामात पसरतं. चारी बाजूंनी फिरता येतं. बेतलेलं कापड दोन दिवस तसंच पडून राहू शकतं, कुणी उचलत नाही, हे ज्याने पलंगावरून खुर्चीवर हलवलंय त्यालाच कळेल.

आवाजाचा आक्षेप मी उडवून लावला होता कारण घरगुती मशीनचा आवाज तो कितीसा. मग मी सेकंडहँड इंडस्ट्रियल मशीन घेतलं. मिनिटाला ५००० टाक्यांपर्यंत जाणारं मशीन, मी त्याच्या पावपटही चालवत नाही, पण त्याला क्लच मोटर होती आणि क्लच मोटर बटण दाबलं की तुम्ही शिवा न शिवा, सतत घूं घूं करत फिरत राहते. पलीकडची भिंत आमच्या बेडरूमची. तिसऱ्या रात्री हा उशी घेऊन हॉलमध्ये. सर्व्हो मोटर बसवली, ती पायडल दाबलं तेवढंच फिरते, वेगही कमी ठेवता येतो, वीजही कमी. इंडस्ट्रियल घेणाऱ्यांनी मोटर कुठली आहे ते आधी विचारा.

गरमी. इथे तो शंभर टक्के बरोबर. पत्र्याचं शटर दुपारी तापतं आणि खोली तापते, शटरला आतून चंदेरी फॉइलचं फोम शीट चिकटवलंय त्याने फरक पडतो पण दुपारी एक ते चार मी तिथे बसत नाही ते नाहीच. खिडकी नाही, शटर फूटभर उघडं ठेवावं तर धूळ.

टायरमध्ये टाचणी गेलेली नाही, आठ महिन्यांत एकदाही नाही, तिथे तो हरला. रोज उठताना काठीला बांधलेलं लोहचुंबक जमिनीवरून फिरवते.

गाडी बाहेरच असते. समेट म्हणून मी तिला कव्हर शिवलं, मोजमाप घेऊन, आरशांना कप्पे वगैरे करून, आणि आत मऊ अस्तर घालायला विसरले. वाऱ्याने ते जाड कापड रंगावर घासलं गेलं. त्यावर जास्त लिहीत नाही.

त्याच्या सामानाला एक आख्खी भिंत दिलीये, जमिनीवर पिवळी पट्टी मारून, पट्टीपलीकडे त्याचं राज्य. शिडी, पंप, पाने सगळं तिथे. तो पट्टी पाळतो, माझ्या वस्तू पाळत नाही. माझ्या कापडाच्या कात्रीने त्याने सँडपेपर कापला. नऊ इंची कात्री, मी त्याने कागदसुद्धा कापत नाही, धार लावून आणली तरी टोकाशी अजून कापड चावते. नवी घेतली ती आता कुठे ठेवते ते फक्त मला माहीत.

परवा पेगबोर्डवर बघते तर त्या कागदावर माझ्याच खडूने आठवा मुद्दा आलाय, "कात्री लपवून ठेवली जाते."

हो, ठेवली जाते.