मोगरा, जुई की कुंद? आधी गॅलरीची दिशा बघा

नर्सरीत गेलं की हात आपसूक मोगऱ्याकडे जातो. पण ठाण्या-नवी मुंबईतल्या फ्लॅटमध्ये खरा प्रश्न उन्हाचा असतो, आणि तेही फुलं येतात त्या महिन्यांतल्या उन्हाचा.

मोगऱ्याचा बहर साधारण मार्च ते जून. रोज निदान चार-पाच तास थेट ऊन हवंच, नाहीतर पानं हिरवीगार आणि कळीचा पत्ता नाही. पूर्वेची किंवा पश्चिमेची गॅलरी असेल आणि समोर टॉवर उभा नसेल, तर डोळे झाकून मोगरा घ्या. खारघरकडचं दुपारनंतरचं रखरखीत ऊनही त्याला मानवतं, फक्त मे महिन्यात पाण्याकडे रोज लक्ष हवं.

दक्षिणेची गॅलरी मात्र फसवते. डिसेंबरात ऊन थेट हॉलमध्ये येतं म्हणून आपण खूश. पण मेच्या मध्यावर भरदुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि नंतर जुलैच्या अखेरपर्यंत उत्तरेकडे कललेला असतो. वरच्या मजल्याचा स्लॅब ऊन अडवतो आणि ऐन बहरात कुंडी सावलीत!

अशा गॅलरीत कुंद लावावा. तो थंडीत फुलतो, म्हणजे नेमकं तिथे ऊन असतं तेव्हा. वास मंद असतो, हे आधीच सांगून ठेवते. देवाला पांढरी फुलं हवी असतील तर उत्तम, गजऱ्याची हौस असेल तर हिरमोड होईल.

जुई या दोघांच्या मधली नाही, तिचं प्रकरणच वेगळं. वासात माझ्या मते मोगऱ्यापेक्षा नाजूक आणि सरस, बहर मुख्यतः पावसाळ्यात. पण ती वेल आहे. ग्रिलला तार बांधून वळण लावायला वेळ नसेल तर शेजारच्यांच्या एसीच्या आउटडोअर युनिटपर्यंत पोचते, मग सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव.

निगराणीत मोगरा सोपा, पण कात्रीला घाबरायचं नाही. फुलं नव्या फुटीवरच येतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत छाटणी करून शेणखत घालायचं. बहरातही फुलून गेलेले शेंडे खुडत राहायचं. नव्या शेंड्यावर बहुधा तीन कळ्या एकत्र दिसतात, त्यातली मधली आधी टपोरते. गजऱ्यासाठी ती दुपारीच, उमलायच्या आत तोडावी. बटमोगरा दिसायला भरगच्च, पण वाढतो सावकाश. पहिल्यांदा लावत असाल तर साधा मोगराच बरा. कुंडी १२ इंची, पावसाळ्यात तिच्याखालची बशी काढून ठेवायची. मुळं पाण्यात राहिली की पानं पिवळी पडलीच म्हणून समजा.

विकत घेताना फूल नसेल तर पान बघा. मोगऱ्याचं पान एकेरी, चकचकीत. जुईच्या पानाच्या देठाशी पुष्कळदा दोन इवलेसे कान असतात. जाईचं पान बऱ्याच छोट्या पानांचं मिळून झालेलं असतं. जुई मागितली की जाई हातात देणारेही भेटतात.