करडईचं बी भिजवायचं, पण कशात: साध्या पाण्यात की १३:००:४५ मध्ये?

बी भिजवूनच पेरायचं ठरलं असेल, तर प्रश्न एवढाच उरतो: साधं पाणी घ्यावं की पोटॅशियम नायट्रेटचं, म्हणजे ठिबकसाठी घरात पडलेल्या १३:००:४५ या विद्राव्य खताचं? आमच्या इंदापूरकडच्या काळ्या रानात मी दोन्ही करून पाहिलंय.

करडईचं टरफल जाड. कोरडं बी सावकाश ओल ओढत बसतं आणि तोवर सप्टेंबरअखेरच्या उन्हात वरची माती सुकून जाते. माझ्याकडे कोरडं बी आठव्या दिवशी दिसायला लागायचं, भिजवलेलं पाचव्या.

१३:००:४५ चा गुण मी नाकारत नाही. लिटरला ५ ग्रॅम टाकून भिजवलेल्या बियांची रोपं पहिल्या पंधरवड्यात जरा जास्त तजेलदार वाटली. पण ते बी नंतर स्वच्छ धुवावं लागतं, म्हणजे पुन्हा भिजतं, आणि सुकायला दुप्पट वेळ खातं. एका वर्षी आभाळ भरून आलेलं, घात, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून चाललेली. वरून कोरडं लागतंय म्हणून बी चाड्यावर, म्हणजे तिफणीच्या बी सोडायच्या वाटीवर, घेतलं. दाणे एकमेकांना चिकटून तिफणीची मधली नळी तुंबली आणि वरून मूठ चालूच! उगवण झाल्यावर कळलं. पहिलं आणि तिसरं तास, म्हणजे पेरणीची ओळ, हिरवं, मधलं मोकळं, असं पार बांधापर्यंत. नांग्या भरायला, म्हणजे मोकळ्या जागी पुन्हा बी टोकायला, गेलो तर वरची दोन बोटं माती वाळून गेलेली. तेव्हापासून माझा ओढा साध्या पाण्याकडेच.

रात्री जेवणं झाली की बी पाण्यात टाकायचं, सकाळी काढून सावलीत गोणपाटावर पातळ पसरायचं. मुठीत दाबून सोडल्यावर दाणे सुटे घरंगळले, की पेरायला तयार. मोड मात्र दिसू देऊ नका, सुकताना आणि नळीतून जाताना तो मोडतो. रानात ओल नसेल तर भिजवूच नका. फुगलेलं बी कोरड्या मातीत जागीच मरतं. आणि करडईचं पाहून सोयाबीन भिजवायला जाऊ नका. त्याचं साल पातळ, पाणी एकदम आत शिरतं आणि दाणा आतून फुटतो.

यंदाही एकरी चार किलोच्या हिशेबाने बी साध्या पाण्यातच टाकणार आहे. खालच्या अंगाला खारवट तुकडा आहे, तिथे रोपं तजेलदार हवीत म्हणून तेवढ्यापुरतं १३:००:४५, तेही ऊन स्वच्छ असेल तरच.