अमेरिकेत लॅपटॉप लावताना: अडॅप्टर की तिथली केबल?

आधी चार्जरच्या ठोकळ्यावरची बारीक अक्षरं वाचा. ‘इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर अमेरिकेतले १२० व्होल्ट त्याला चालतात. व्होल्टेज बदलणारा जड कन्व्हर्टर अजिबात नेऊ नका.

उरतो प्रश्न पिनांचा. आपला प्लग अमेरिकी सॉकेटमध्ये बसवणारा छोटा अडॅप्टर स्वस्त, फोनच्या चार्जरलाही चालतो. पण आपला जाड तीन-पिनी प्लग त्यात लोंबकळतो, सॉकेटमधून सैल होतो आणि चार्जिंग मध्येच थांबतं. दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये अर्थिंगही तुटतं. मग धातूच्या लॅपटॉपवरून हात फिरवला की बोटांना झिणझिण्या जाणवतात.

ठोकळ्यापासून भिंतीपर्यंतची केबल बहुतेक चार्जरमध्ये सुटी निघते. तिच्या ठोकळ्याकडच्या टोकाला तीन भोकं असतील तर त्याच आकाराची अमेरिकी तीन-पिनी केबल घ्या. घट्ट बसते, अर्थिंग टिकतं. महिनाभर राहायचं असेल तर हीच घ्यावी. फोनला अडॅप्टर पुरे.