प्रत्यारोपणानंतरची सेवा: नवी मुंबईतील एका रुग्णालयाविषयी

ऐरोलीत राहणाऱ्या माझ्या दादाला आईचे मूत्रपिंड बसवले, ते ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका खासगी रुग्णालयात. शस्त्रक्रियेबद्दल तक्रार नाही. हा अभिप्राय नंतरच्या सेवेचा आहे.

चौथ्या महिन्यात खोकल्यासाठी घराजवळच्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिले. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून दादा टॅक्रोलिमस हे औषध घेतो. त्याचे शरीरात विघटन करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक अडवते आणि त्यामुळे रक्तातील टॅक्रोलिमस वाढत जाते, याचा उल्लेख रुग्णालयाच्या मराठी पुस्तिकेत कोठेही नव्हता. ग्रेपफ्रूट खाऊ नये, हे मात्र ठळक अक्षरांत होते. ते फळ ऐरोलीच्या मंडईत मी आजवर पाहिलेले नाही. पाचव्या दिवशी दादाच्या हातातली कपबशी खडखडू लागली. हात थरथरणे हा टॅक्रोलिमसचा नेहमीचाच परिणाम असल्याने आम्ही ते मनावर घेतले नाही. दुसऱ्या रात्री डोके ठणकू लागले, भिंतीवरचे घड्याळ दिसेना आणि पाठोपाठ आकडी आली.

पुस्तिकेवरचा ‘चोवीस तास’ क्रमांक तीन वेळा वाजून बंद झाला. तातडीच्या विभागात सीटी स्कॅन निर्दोष निघाल्यावर ‘ताण असेल’ असे ऐकावे लागले. सुदैवाने मेंदूविकारतज्ज्ञ मॅडम तासाभरात आल्या. रक्तदाब 190/110 पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो नव्या गोळ्यांविषयी. एमआरआयमध्ये मेंदूच्या मागील भागात सूज दिसली. 1996 मध्ये प्रथम सविस्तर वर्णिलेला हा ‘प्रेस’ नावाचा विकार क्वचित होतो आणि वेळीच ओळखल्यास बहुधा पूर्ण बरा होतो, हे त्यांनी आईला समजेल अशा मराठीत सांगितले. त्यांनी रक्तदाब उतरवला, क्लॅरिथ्रोमायसिन बंद केले, टॅक्रोलिमस काही दिवस थांबवले आणि आकडीसाठी फेनिटॉइनऐवजी लेव्हेटिरासिटॅम निवडले, कारण फेनिटॉइनमुळे टॅक्रोलिमसची पातळी घसरते आणि पुढे मूत्रपिंड नाकारले जाण्याचा धोका वाढतो. चौथ्या दिवशी दादाने घड्याळातली वेळ अचूक वाचली.

मेंदूविकार विभागाला पाचपैकी पाच गुण, दूरध्वनी सेवेला शून्य. रक्तसंकलन केंद्राला दोन, कारण टॅक्रोलिमसची पातळी सकाळच्या गोळीआधी तपासायची असते, आणि तेथील कर्मचारी ‘गोळी घेऊनच या’ असे सांगत होते. पुस्तिकेविषयी तक्रार केल्यावर समन्वयकांनी दादाच्या प्रतीत क्लॅरिथ्रोमायसिनचे नाव निळ्या पेनाने लिहून दिले. शेजारच्या खुर्चीवरील रुग्णाच्या प्रतीत ते अजूनही नव्हते.