पेवांची भिंत: सांगलीतील एका भिंतचित्रकाराच्या कामाविषयी

गावभागातील आमच्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचे, म्हणजे हळद साठवण्याच्या जमिनीखालील कोठारांचे, चित्र काढून घेण्याचे ठरले, तेव्हा ते काम सांगलीतच फलक आणि भिंती रंगवून उपजीविका करणाऱ्या एका चित्रकाराकडे सोपवले. आता त्या चित्रावरून एक पूर्ण पावसाळा गेला असल्यामुळे त्याविषयी खात्रीने लिहिता येते.

पहिल्या भेटीत त्यांनी चित्राआधी पाण्याची चौकशी केली. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांत पाणी या भिंतीवर कुठवर चढले होते, हे विचारून त्यांनी गिलावा जागोजागी ठोकून पाहिला, लोणा लागलेला भाग खरवडून काढायला लावला आणि भिंत उन्हाळ्यात पुरती वाळल्याशिवाय प्रायमरचा हातही दिला नाही. ऑइलपेंटमुळे ओल आतच कोंडून पोपडे निघतात, म्हणून बाहेरच्या भिंतीसाठीचे इमल्शनच वापरण्याचा त्यांचा आग्रह होता. तळाशी त्यांनी साधा मातकट पट्टा ठेवला; पाणी आलेच तर मूळ चित्राला धक्का न लावता तेवढाच पुन्हा रंगवता येईल.

चित्राविषयी तर विशेष सांगायला हवे. पेवाचे तोंड माणूस उतरेल एवढेच अरुंद, पोट मात्र रुंद, आणि त्यात हळद वर्षानुवर्षे टिकत असे. 2005 च्या महापुरात यांतील बरीच पेवे निकामी झाली. कच्च्या आराखड्यात हमाल उघड्या पेवात उतरताना दाखवला होता. तो पाहून हळदीच्या व्यापारात आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध सभासदांनी सांगितले की, पेव उघडल्यावर कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी आत पाऊल टाकत नसे. चित्रकाराने तो भाग पुसून पेवाभोवती वाट पाहत बसलेली माणसे काढली, आणि आज तोच भाग सर्वांत जिवंत वाटतो. इथल्याच माणसाला काम देण्याचे मोल मला इथे दिसते: चुकलेले सांगणारी माणसे परांचीपाशी येऊन उभी राहतात आणि तोही ऐकतो.

उणिवाही नोंदवतो. दर तोंडी ठरला, लेखी दरपत्रक मागूनही उशिरा मिळाले, आणि उंचावर काम करताना कमरेला सुरक्षापट्टा नव्हता. सर्वांत खटकले ते हे की, त्यांनी केवळ चौरस फुटाचा हिशोब लावला. आराखड्याच्या मेहनतीचा एक रुपयाही धरला नाही. चित्राखाली नाव लिहायलाही आम्हालाच सांगावे लागले.

हा दोष त्यांच्या एकट्याचा मानणे अन्याय्य होईल. भिंती रंगवण्याच्या निविदा सर्वांत कमी दराला जातात, सगळीकडे तीच घोषवाक्ये उमटतात आणि चित्रकार स्वतःला रंगारी समजू लागतो. अमेरिकेतील फिलाडेल्फियाने 1959 मध्येच पुनर्विकासाच्या बांधकाम खर्चाचा एक टक्का कलेसाठी राखण्याची अट घातली. आपल्या महापालिकेने नव्या इमारती, पूल आणि उद्याने यांच्या अंदाजपत्रकात असा लहानसा वाटा धरला, आराखड्याचे मानधन वेगळे दिले, डागडुजीचा करार केला आणि भिंतीवर कलावंताचे नाव सक्तीचे केले, तर शहरातील होतकरू मुलामुलींना पोटासाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागणार नाही. 1843 मध्ये सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी याच गावात ‘सीता स्वयंवर’ हे नाटक उभे केले. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीला ही अपेक्षा परकी वाटू नये.

रंग अजून टिकून आहेत. केवळ पश्चिमेकडील हिरवा किंचित फिकटला आहे. शाळा, सोसायटी किंवा दवाखान्याची भिंत रंगवून घ्यायची असेल, तर या चित्रकाराची मी निःशंक शिफारस करतो. काम देताना मात्र आराखड्याचे पैसे वेगळे लिहून द्यावेत, सुरक्षापट्टा आणि पक्की परांची यांचा खर्च आपण उचलावा, आणि काम होळीपूर्वी सुरू करावे, म्हणजे भिंतीला वाळायला पुरेसा उन्हाळा मिळतो.